‘आजीने सुईत दोरा…’ : ईईजी प्रकल्पाच्या नोंदी, पुणे

६ मे २०२४, सोमवार

आज खोली ताब्यात आली. एरंडवण्यात तळमजल्याला, मागच्या बाजूला, खिडकीबाहेर चिंच. रस्त्याचा आवाज जवळजवळ नाही, आमच्यासाठी हेच मोठं.

प्रकल्प काय आहे ते एकदा स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवते. पंचावन्नच्या पुढची माणसं बोलवायची. काही सरांच्या ओपीडीतून येतील, ज्यांची किंवा ज्यांच्या घरच्यांची तक्रार आहे की हल्ली विसरायला होतं. काही तशी तक्रार नसलेली. दोघांचाही ईईजी घ्यायचा, म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मेंदूतल्या विजेची नोंद करायची. आधी नुसतं डोळे मिटून बसणं, मग दोन कामं. पहिलं आवाजांचं: एकसारखे टोन वाजत राहतात, मधूनच एक वेगळा येतो, तो मोजायचा. दुसरं मराठी वाक्यांचं: काही वाक्यं सरळ, काहींचा शेवटचा शब्द अर्थाला न जुळणारा. दोन्ही वेळा मेंदू त्या ‘वेगळ्या’ला काय उत्तर देतो आणि किती वेळात, ते बघायचं.

आम्ही चौघं. सर न्यूरॉलॉजिस्ट. मॅडम भाषाविज्ञानाच्या. प्रोग्रामिंगला एक इंजिनिअर मुलगा. आणि मी, बारा वर्षं ईईजी टेक्निशियन. आजवर माझं काम रेकॉर्ड काढून डॉक्टरांपुढे ठेवण्यापर्यंत होतं. या वेळी मॅडम म्हणाल्या, वही तुम्हीच ठेवा, डोक्याला हात तुमचा लागतो.

९ मे, गुरुवार

गुरुवार, त्यामुळे दुरुस्तीसाठी वीज गेली. इन्व्हर्टरवर चाचणी रेकॉर्ड घेऊन बघितलं आणि पडद्यावर नुसती करवत. आमच्या विजेचे ५० हर्ट्झ एरवीही रेकॉर्डमध्ये डोकावतात, ते फिल्टरने काढता येतात. पण स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लाट गोलसर नसते, चौकोनी असते, त्यामुळे ५० बरोबर १५०, २५० असे सगळे विषम पट येतात. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग बंद. गुरुवारी कुणाला बोलवायचं नाही, असं फळ्यावर लिहिलं.

वीज आल्यावर एकेक वस्तू बंद करत गेलो. पंखा, मग ट्यूबलाइट, मग लॅपटॉपचा चार्जर. ट्यूबलाइटचा जुना चोक निघाला आणि रेषा निम्म्याहून शांत झाली. उरलेलं अर्थिंगमध्ये होतं. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तर अर्थची वायर नुसतीच आत सोडलेली. मशीनला तीन पिनांचा प्लग होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पेशंटच्या डोक्याला वायरी जोडणाऱ्या खोलीत हे चालत नाही. वायर नीट ओढून घेतली, सिग्नल प्रकाशातून नेऊन पेशंटला मुख्य विजेपासून वेगळं ठेवणारा अँप्लिफायर आहे तरीही. संध्याकाळी तपकीर गल्लीत जाऊन शिल्डेड केबल आणली.

१४ मे, मंगळवार

आज सबंध दिवस वाक्यं.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात कुटास आणि हिलयार्ड यांनी दाखवून दिलं की वाक्याच्या शेवटी अर्थाला न जुळणारा शब्द आला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मध्य-मागच्या भागात विद्युतदाब ऋण बाजूला झुकतो. म्हणून त्याचं नाव एन-४००. त्यांच्या वाक्यात ब्रेडला मोजे लावले होते. अर्थ जुळवायला मेंदूला जितके जास्त कष्ट तितका हा झोका मोठा. अल्झायमरमध्ये तो लहान होतो असं दिसलेलं आहे.

मुलाने इंग्रजीतली यादी भाषांतर करून आणली होती. मॅडमनी ती बाजूला ठेवली. म्हणाल्या, मराठीत क्रियापद शेवटी येतं ही आपली सोय आहे, ती वापरू या. सगळं वाक्य डोक्यात तयार असतं आणि शेवटच्या एका शब्दाची वाट बघत ऐकणारा थांबलेला असतो. ‘आजीने सुईत दोरा’ एवढं ऐकल्यावर पुढचा शब्द कुणाला सांगावा लागतो?

मग आम्ही न जुळणारे शब्द शोधायला बसलो. माझं पहिलं होतं ‘आजीने सुईत दोरा पळाला’. मॅडम थांबल्या. हे नुसतं अर्थालाच अडत नाही, व्याकरणालाही अडतं. ‘आजीने’ म्हटलं की कान सकर्मक क्रियापद मागतो. व्याकरण मोडलं की मेंदूचं उत्तर वेगळं असतं, सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास, धन बाजूला. त्याला पी-६०० म्हणतात. दोन्ही एकमेकांत मिसळले की कशाचं काय ते कळणार नाही. म्हणून सकर्मकाच्या जागी सकर्मक, आणि लिंग-वचन कर्माशी जुळलेलं: ‘ओवला’च्या जागी ‘उकळला’. बाबांनी पेपर वाचला, शिजवला. ताईने देवापुढे समई लावली, विणली. समईला मी आधी ‘चावली’ लिहिलं होतं, तेही गेलं. लावली-चावलीचं यमक जुळतं, आणि यमकाने मेंदूचं उत्तर बदलतं.

ऐकायची वाक्यं म्हणून आणखी एक अट. बरोबर आणि चूक शब्दाचा पहिलाच आवाज वेगळा हवा. दोन्ही शब्द ‘उक’ने सुरू झाले तर माणसाला चूक कळायला अर्धा शब्द संपावा लागेल, आणि आम्ही घड्याळ सुरू करणार शब्दाच्या आरंभापासून.

बारा वर्षांत एवढं बारीक मराठी मी कधी बघितलं नव्हतं. शाळेत प्रयोग ओळखा, कर्तरी की कर्मणी, हे मार्कांसाठी केलं होतं. आज त्याचा उपयोग समजला.

२७ मे, सोमवार

ओळखीतल्या तीस जणांना वाक्यं अर्धी देऊन शेवटचा शब्द भरायला सांगितला होता. तिसातल्या पंचवीस जणांनी तरी एकच शब्द दिला तर ते वाक्य ठेवायचं. शेवटचा शब्द खरोखर अपेक्षित असेल तरच त्याच्याऐवजी दुसरा आल्याचा धक्का मोजता येईल.

‘सुईत दोरा’ला तिसातले तीस ‘ओवला’. समई, पेपर पास.

‘सुनेने भाकरी’ मात्र फुटलं. थापली, भाजली, केली, टाकली, बडवली. सगळी बरोबर, म्हणूनच वाक्य बाद. ‘गवळ्याने सकाळी दूध’ला सदाशिव पेठेत वाढलेल्यांनी ‘घातलं’ लिहिलं, रतीब घालणारा गवळी त्यांच्या डोळ्यांपुढे. गावाकडून आलेल्यांनी ‘काढलं’ लिहिलं, त्यांना गोठा दिसला. ‘चहाला आधण’ला पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी ‘ठेवलं’ दिलं, इंजिनिअर मुलाने आधण म्हणजे काय ते विचारलं. आमचे स्वयंसेवक पन्नाशीच्या पुढचेच, म्हणून आधण राहिलं.

एकशे तीस वाक्यांतली ऐंशी उरली. प्रत्येक माणूस चाळीस सरळ ऐकेल, चाळीस वेडी. एकाला जे सरळ ते दुसऱ्याला वेडं, म्हणजे शब्दांच्या लांबीचा फरक दोन्हीकडे सारखा वाटला जाईल.

स्मृतीच्या चाचणीबद्दलही आजच बोलणं झालं. जुनी रूढ चाचणी १९७५ ची, शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या बेताने केलेली. वाचायला सांगते, लिहायला सांगते. आपल्याकडे चौथीत शाळा सुटलेली बाई त्यात नापास होते आणि तिला स्मृतिभ्रंश असेलच असं नसतं. हरियाणात बल्लभगडच्या गावांसाठी १९९५ मध्ये न शिकलेल्यांना चालेल असं हिंदी रूप करावं लागलं ते यासाठीच. आम्ही शिक्षणाची वर्षं प्रत्येकाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिणार आहोत.

३ जून, सोमवार

पहिल्या स्वयंसेवक. क्र. १, वय ६६, तक्रार काही नाही, पौड रोडवरून आल्या. मोठा अंबाडा, आणि डोक्याला रात्रीच लावलेलं खोबरेल.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण मुलाला वाटत होतं की कॅप, म्हणजे इलेक्ट्रोड बसवलेली टोपी, घातली की झालं. मेंदूतून डोक्याच्या त्वचेपर्यंत जे पोचतं ते जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रोव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा तीस-चाळीस हजारावा भाग. मध्ये कवटी, त्वचा, त्यावर मृत पेशींचा थर, त्यावर तेल. तेलातून वीज जात नाही. काकूंच्या पहिल्या इलेक्ट्रोडला इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ६० किलोओहमच्या वर. आम्हाला हवा पाचाखाली.

काकूंना विचारलं, इथे डोकं धुतलं तर चालेल का? त्या संकोचल्या. परक्या ठिकाणी केस मोकळे सोडून बसायचं, खोलीत मुलगा. त्याला बाहेर पाठवलं. बेसिनवर मी स्वतः दोनदा शाम्पू लावून धुतलं, टॉवेलने टिपलं, ड्रायरने वाळवलं. त्या दहा मिनिटांत त्यांनी मला त्यांच्या सुनेचं बाळंतपण सांगितलं. खुर्चीत बसल्या तेव्हा खांदे खाली आले होते. ताठ खांद्यांच्या माणसाचा रेकॉर्ड मानेच्या स्नायूंनी भरून जातो, हे बारा वर्षांत शिकले आहे.

मग टेप. दोन भुवयांमधला नाकाच्या मुळाचा खळगा ते डोक्यामागचा उंचवटा, ३६ सेंटिमीटर. अर्धे १८, तिथे पेन्सिलची खूण. एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत ३४, अर्धे १७. दोन खुणा छेदतात तो टाळूवरचा बिंदू सीझेड. कॅपचं सीझेड तिथेच बसलं पाहिजे. १९५८ मध्ये जॅस्परने दहा आणि वीस टक्क्यांची ही मोजणी घालून दिली, म्हणून जगातल्या कुठल्याही डोक्यांवरचं पीझेड, म्हणजे सीझेडच्या मागचा बिंदू, एकमेकांशी ताडून बघता येतं. मग एकेका भोकातून बोथट सुईने केस बाजूला करायचे, त्वचा हलकीच घासायची, जेल भरायचं. बत्तीस वेळा. जेल जास्त झालं तर शेजारच्या दोन इलेक्ट्रोडचा पूल होतो आणि दोन्ही एकच बोलायला लागतात.

पन्नास मिनिटं गेली. मग म्हटलं, काकू, डोळे मिटा.

दोन सेकंदांत मागच्या इलेक्ट्रोडवर, ओ-१ आणि ओ-२ वर, सुंदर गोल लाटा उभ्या राहिल्या. सेकंदाला नऊ. डोळे उघडा म्हटलं, गेल्या. मिटा, आल्या. अल्फा लय. हजारो वेळा बघितली असेल, तरी पहिल्या माणसाची आली की हायसं वाटतं. मुलगा दारातून बघत होता. त्याने फाइलमध्ये अल्फा पाहिली होती, समोरच्या माणसाच्या पापण्यांबरोबर येताना-जाताना पहिल्यांदाच. खूप वेळ काही बोलला नाही.

१२ जून, बुधवार

पाच जण झाले आणि काहीतरी गडबड आहे.

टोनच्या कामात ३०० आवाज, त्यातले ६० वेगळे. एकेका आवाजाचं उत्तर मेंदूच्या इतर हालचालीत बुडालेलं असतं. साठ तुकडे आवाजाच्या क्षणावर जुळवून सरासरी काढली की असंबद्ध ते एकमेकांना खोडतं आणि उत्तर वर येतं. गोंगाट कमी होतो तो तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने: छत्तीस तुकड्यांना सहापट, शंभराला दहापट. सटन यांनी १९६५ मध्ये अशाच सरासरीतून ती लाट दाखवली जिला आता पी-३०० म्हणतात. दुर्मीळ आवाजाची दखल घेतल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी, पीझेडवर सगळ्यात मोठी, धन बाजूला. वय वाढतं तशी ती वर्षाला एक-दोन मिलिसेकंद लांबते. स्मृतिभ्रंशात आणखी लांबते.

आमच्याकडे पाचही जणांची ५५० च्या आसपास. मुलगा दचकला, पाचही जणांना…? मी म्हटलं, पी-३०० सोड, आधी एन-१ बघ. एन-१ म्हणजे आवाज कानावर पडल्याची पहिली ठोस खूण, ती १०० च्या आसपास असते. निरोगी असो, विसरभोळा असो, फार हलत नाही. आमच्याकडे ती २९० वर होती. पाच माणसांचे कान एकदम दोनशे मिलिसेकंदांनी मागे पडत नाहीत. उशीर माणसांत नाही, आमच्या सामानात आहे.

१४ जून, शुक्रवार

सापडला. हेडफोन बिनतारी होता. वायरीत आजी-आजोबा अडकू नयेत म्हणून आम्हीच हौसेने घेतलेला. संगणक आवाज पाठवतो त्या क्षणी खूण टाकतो, पण आवाज हवेतून हेडफोनपर्यंत पोचून, उलगडून वाजेपर्यंत वेळ जातो. मुलाने हेडफोनच्या आतलं विद्युत संदेशाचं टोक अँप्लिफायरच्या रिकाम्या चॅनेलला जोडलं आणि खूण आणि आवाज शेजारी शेजारी बघितले. सरासरी १९० मिलिसेकंदांचं अंतर. नुसतं अंतर असतं तर वजा केलं असतं. पण कधी १७५, कधी २०८. अशा डगमगत्या खुणांवर सरासरी काढली की लाट पसरते, बुटकी होते, आणि ते थेट ‘पी-३०० लहान’ असं दिसतं. म्हणजे आजाराच्या खुणेची हुबेहूब नक्कल, हेडफोनने केलेली.

पाचही जणांचं आवाजांचं काम आणि वाक्यांचं काम बाद. पुन्हा बोलवावं लागेल. पाच डोकी पुन्हा धुवायची. मी फोन केले, चौघं लगेच हो म्हणाले.

आता तारेचे, नळीतून कानात आवाज सोडणारे इअरफोन. नळी ३० सेंटिमीटर, आवाजाला तेवढं जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. रोज सकाळी पहिलं काम: रिकाम्या चॅनेलवर खूण आणि आवाज ताडून बघायचे, अंतर वहीत लिहायचं.

१ जुलै, सोमवार

पालख्या कालपासून शहरात मुक्कामाला. रस्ते बंद, कुणाला बोलवलेलं नाही. क्र. ८ वारीला गेले, आषाढीनंतर येतील. पालख्या जिथे उतरतात त्या दोन्ही विठोबांचं दर्शन घेऊन मी दुपारी येऊन इलेक्ट्रोड साफ केले.

६ जुलै, शनिवार

सरांनी आज पेढे आणले. १९२४ मध्ये आजच्याच तारखेला जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदली, एका सतरा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया चालू असताना. शंभर वर्षं झाली. त्यांनी ती प्रसिद्ध केली १९२९ मध्ये. मधली पाच वर्षं ते स्वतःलाच तपासत राहिले: ही वीज मेंदूचीच ना, की नाडीची, त्वचेची, डोळ्यांची? स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही तारा लावल्या. हेडफोनच्या भानगडीनंतर मला ती पाच वर्षं फार जवळची वाटली.

आणखी एक योग सरांनी सांगितला. त्याच १९२४ मध्ये इथून जवळ लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, योगाकडे प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी बघण्यासाठी.

१० जुलै, बुधवार

क्र. ११, वय ६१, तक्रार नसलेल्या गटातल्या. डोळे मिटून बसल्या असताना पेंग आली. आणि डाव्या कानशिलावर, टी-३ वर, टोकदार लाटांची एक माळ गेली. सेकंद-दीड सेकंद. मग आणखी एक.

माझ्या पोटात गोळा आला. कारण मला असंच काहीतरी आठवलं.

माझी मावशी एकदा ऐन उन्हात देवळाच्या रांगेत चक्कर येऊन पडली. एका रुग्णालयात ईईजी झाला, अहवालात ‘कानशिलाच्या भागात फिटची चिन्हं’ असं आलं. चार वर्षं फेनिटॉइनच्या गोळ्या. हिरड्या सुजून दातांवर आल्या. एकटीने रस्ता ओलांडायचा नाही, गॅसजवळ उभं राहायचं नाही, लग्नाकार्यात तिच्या हातात कुणी लहान मूल दिलं नाही. तेव्हा मी शिकत होते. चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच जुना रेकॉर्ड मागवून बघितला आणि म्हणाले, यात फिट नाही, ती पेंगेतली लाट आहे, आणि चक्कर रक्तदाबाची होती. गोळ्या हळूहळू कमी करत बंद झाल्या. मी हे काम धरलं ते त्या कागदामुळे.

म्हणून आज घाई केली नाही. काकूंना बोलत ठेवलं, पूर्ण जाग्या झाल्या, माळ नाहीशी. पुन्हा पेंग येऊ दिली, पुन्हा आली. सरांनी पडद्यावर बघितलं आणि मुलाला जवळ बोलावून बोट ठेवलं. बघ, सेकंदाला सहा ते अकरा या वेगात बसणाऱ्या, कमानीसारख्या, खालून गोल वरून टोकदार. एकटी सुटली तर फिटचं टोक वाटेल. पण टोकामागोमाग सावकाश लाट येत नाही, आणि आजूबाजूची लय जशीच्या तशी चालू आहे, कुठे मोडलेली नाही. फिटचं टोक पार्श्वभूमीला फाडून येतं. याला विकेट म्हणतात, मध्यम वयापुढच्या माणसांत पेंगेत दिसतं, निरुपद्रवी आहे. आणि जगभर चुकून फिट म्हणून वाचलं जाणाऱ्यांत हे आघाडीवर आहे.

काकूंना कधी भान हरपलं होतं का, दातखीळ, झटके, हे सगळं सरांनी शांतपणे विचारलं. कधीच नाही. मग ईईजीवरून काही ठरवायचं कारणच नाही. फिटचं निदान घडलेल्या प्रसंगावर होतं, कागद त्याला जोड देतो. काकूंनी विचारलं, सगळं ठीक ना? सर म्हणाले, ठीक. मीही मान डोलावली, आणि घरी येताना बसमधून मावशीला फोन लावला. उगाचच.

प्रोटोकॉलमध्ये भर: संशोधनाच्या रेकॉर्डवर मी किंवा मुलगा स्वयंसेवकाला एक शब्दही बोलणार नाही. शंका आली तर सर बघतील. खरंच काही असेल तर ओपीडीत बोलावून समोर बसवून सांगतील.

१९ जुलै, शुक्रवार

क्र. ८ वारीहून आले. कॅप घालताना विचारलं, ताई, यात मनातलं कळतं का हो? हसत विचारलं, पण हात खुर्चीला घट्ट धरलेले.

हा प्रश्न पुण्यात विचारला जाणारच. २००८ मध्ये इथल्याच सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विजेच्या नोंदीवरून ‘आरोपीला गुन्ह्याचा अनुभव आहे’ असं सांगणारी चाचणी पुराव्यांत धरून शिक्षा दिली होती, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या तज्ज्ञांच्या समितीनेही अशी चाचणी शास्त्राला धरून नाही असंच म्हटलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला: नार्को, पॉलिग्राफ, मेंदूची अशी चाचणी, काहीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही.

मी आजोबांना पडदा दाखवला. ही तुमची पापणी लवली, बघा केवढी उडी. डोळा म्हणजे छोटी बॅटरीच, पुढून धन मागून ऋण. हे दात दाबलेत ते. ही नाडी. आणि या सगळ्यातून खाली जी बारीक रेघ उरते तिचे चाळीस-पन्नास तुकडे जोडल्यावर आम्हाला एवढंच कळतं की वेगळा आवाज आला हे तुमच्या मेंदूने टिपलं. कुणाबद्दल काय मनात आहे ते यात कुठेच नाही. त्यांनी पुन्हा एकदा दात दाबून बघितले, मग हात सोडले. संमतीपत्रातही हे वाक्य घातलं, मराठीत, मोठ्या टायपात.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला घरांत पाणी. क्र. १३ तिकडच्याच. फोनवर सुखरूप आहेत एवढं कळलं. आम्ही कुणीच गेलो नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी एक ते चार कुणालाही बोलवायचं नाही असं ठरलं. जेवणानंतर आडवं व्हायची ज्यांची पन्नास वर्षांची सवय, त्यांना खुर्चीत बसवून टोन मोजायला लावले तर अल्फा विरघळते, तिच्याहून सावकाश थीटा लय येते, आणि रेकॉर्डवर ती मेंदूची लय मंदावल्यासारखी दिसते. स्मृतिभ्रंशातही मागची लय आठाच्या खाली उतरते. दोन्हींतला फरक बघायचा तर डोळ्यांकडे बघायचं: पेंगेत बुबुळं संथ, डावी-उजवीकडे वाहतात.

१३ ऑगस्ट, मंगळवार

क्र. १४. वय ६८, मराठीच्या निवृत्त शिक्षिका, सरांच्या ओपीडीतून. वर्षभरात दोनदा घरचा बसथांबा चुकला. लय साडेसात. टोनच्या कामात मध्येच मोजणी विसरल्या आणि कासावीस झाल्या. पी-३०० बुटकी, ४३० च्या पुढे. मुलगी बाहेर बसली होती. तिला काय कळणार आहे ते मला आतूनच जड वाटत होतं.

मग वाक्यं. बाईंना सांगितलं होतं, फक्त ऐका, बोलू नका. ‘आजीने सुईत दोरा उकळला.’ आणि दोन्ही कानशिलांवर स्नायूंचा फराटा. पुढचं सरळ वाक्य, रेषा शांत. पुढे ‘बाबांनी चष्मा लावून पेपर शिजवला’, पुन्हा फराटा. मी पडद्यावरून मान वर करून बघितलं. बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या. ‘वाचला.’

चाळीस चुकीच्या वाक्यांतली सतरा अशी. नियमाने ती सतरा टाकून द्यावी लागली, स्नायूंखाली मेंदू दिसत नाही. उरलेल्या तेवीस तुकड्यांची सरासरी आज संध्याकाळी मुलाने काढली. गोंगाट आहे, तेवीसच आहेत, पण पीझेडवर चारशेच्या पुढे रेषा ऋण बाजूला झुकते आणि सरळ वाक्यांच्या रेषेपासून वेगळी होते. उशिरा, पण होते. एका माणसाच्या एका वक्ररेषेवरून काहीही म्हणायचं नाही, हे सरांनी आजही सांगितलं, आणि मला ते पटतं. तरी टाकून दिलेल्या सतरा तुकड्यांच्या वेळा मी वेगळ्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येकीपुढे बाई काय पुटपुटल्या ते. सतराही शब्द बरोबर होते.

मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. पुढच्या भेटीत बाईंना वाक्य संपल्यावर दोन सेकंद थांबून शब्द मोठ्याने दुरुस्त करायला सांगू या, म्हणाल्या. म्हणजे ओठ हलतील ते आम्ही मोजतो तो वेळ संपल्यावर, आणि पुटपुटलेलं वाया जाणार नाही. मुलगा वेळा बदलायला बसला आहे.

उद्या क्र. १५, सकाळी दहा, वडगावहून. डोक्याला तेल लावू नका असं फोनवर सांगितलं. सून म्हणाली, सांगते, पण ऐकतील असं वाटत नाही. शाम्पू आणि दोन टॉवेल बेसिनजवळ काढून ठेवले आहेत.